बॉयलरमागच्या मातीतला मी

मी बॉयलरमागच्या मातीतला जिवाणू बोलतोय. बोलावं की नाही, यातच बराच वेळ गेला. डोळ्यांना न दिसणाऱ्याने आपली कहाणी सांगावी एवढी माझी लायकी आहे का, कोण जाणे.

एका लाँड्रीच्या मागे बॉयलरचा वाफेचा नळ गळतो. त्याखालच्या मातीत माझा जन्म झाला. बोट लावलं तर चटका बसावा अशी ती माती. मला मात्र ऊबदार घर. एक दिवस एक संशोधक मुलगी डबी आणि चमचा घेऊन तिथे येऊन बसली.

“ताई, इथे गवतसुद्धा उगवत नाही,” लाँड्रीवाले काका म्हणाले. “माती हवी तर पुढच्या कुंडीतली न्या.”

“मला हीच हवी, काका. इथेही कोणीतरी राहत असणार.”

कोणीतरी! असा उल्लेख माझा पहिल्यांदाच झाला.

प्रयोगशाळेत तिने माती पाण्यात कालवून काचेच्या बशीतल्या अन्नावर पसरली आणि बशी गरम पेटीत ठेवली. थंडाव्याला सोकावलेले शेजारी तिथे टिकले नाहीत. माझ्या कुळाचा पिवळसर ठिपका उमटला. तारेच्या टोकाने पुन्हापुन्हा वेगळं काढून तिने माझं कुळ तेवढं एका नळीत वसवलं. राखीव म्हणून दुसरी नळी करायची राहून गेली.

विद्यापीठाच्या समितीला जिवंत जिवाणू दाखवला नाही, तर तिचा संशोधनाचा विषय रद्द होणार होता. नोकरी सोडून ती इथे आली होती.

तिच्या सरांनी नळी पेटीत पाहिली आणि नमुने थंडीत जपायच्या आयुष्यभराच्या सवयीने फ्रिजमध्ये ठेवली. त्या गारठ्यात माझे भाऊबंद गेले. अन्न संपत आल्यामुळे मी आधीच टणक कवच पांघरून बसलो होतो, म्हणून वाचलो. मात्र इतका गाढ झोपलो की पुन्हा ऊब मिळाली तरी उठवेना. नळीतला थोडा भाग तिने नव्या बशीवर पसरून पाहिला, पण ती कोरीच राहिली.

“माझीच अक्कल शेण खायला गेली,” सर पुटपुटले.

मग तिने उरलेली नळी उकळत्या पाण्यात धरली.

“अगं, आहे तोही मारतेस?”

“झोपला असेल तर यानेच उठेल, सर. मेला असेल तर आणखी काय मरणार?”

त्या उकळीत मला जाग आली. माझ्यात एवढा जीव होता, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग तिने मला पिठाच्या दोन बशांवर वाढवलं; एक पेटीत राखून ठेवली आणि दुसरीवर आयोडीन ओतलं. सारी बशी काळीनिळी झाली. माझ्याभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ उरलं, कारण तिथलं पीठ मी पचवलं होतं. सर चष्मा काढून पाहतच राहिले.

“एवढ्याशा जिवाने?”

“हो,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

उद्या समिती येईल. मोठ्या माणसांसमोर कसं वागायचं, मला माहीत नाही. वाढत राहणं तेवढं जमतं, तेच करीन. बोलताबोलता माझे दोन झाले आहेत. तेव्हा आम्हा दोघांचाही निरोप घ्या, आणि जाताना पेटीचं दार नीट लावा.