मोठं कारंजं

आईचं राहतं घर विकून दादा नवं घर बांधत होता. फायरप्लेसची चौकट निवडायला आम्ही सगळे दुकानात गेलो, तर संगमरवर की लाकूड यावरून दादा-वहिनींनी दुकान डोक्यावर घेतलं. माझं डोकं तापलं होतं. आई मात्र हौसेनं प्रत्येक चौकटीवरून हात फिरवत होती.

पलीकडे बागेसाठी मांडलेल्या कारंज्यांपाशी ती थांबली आणि सगळ्यात मोठ्यावर तिनं हात ठेवला. "एवढं मोठं नको रे. रात्रभर आवाज करेल, मला झोप लागायची नाही."

"तुला वृद्धाश्रमात कुठे ऐकू येणार आहे, आई?" दादा सहज बोलून गेला.

आईनं कारंज्यावरचा हात काढून घेतला.

दुकानदारानं विचारलं, "मग मोठंच देऊ?"

"द्या!" मी ओरडले. "लाज कोळून प्यायला यांना भरपूर पाणी लागेल."