राजेश्रीची सही

राजेश्री सेलूत भाड्याच्या खोलीत ब्लाऊज शिवायची आणि तिचा नवरा हरिओम परभणीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. त्याच्या मेसचा डबा, क्लासची फी, सगळं तिच्या मशीनवर निघायचं. शनिवारी तो रेल्वेनं यायचा, तिच्या हातची पिठलं-भाकरी खायचा आणि म्हणायचा, "एकदा नोकरी लागू दे, तुला सुखात ठेवतो बघ."

त्याला बँकेत अधिकाऱ्याची नोकरी लागली. त्या दिवाळीला त्यानं राजेश्रीला सोनपेठला तिच्या आईकडे, नर्मदाबाईंकडे सोडलं आणि न्यायला आलाच नाही. तिनं फोन केला तर म्हणाला, "माझं सगळं बदललंय आता. माझ्या लोकांत तू बसत नाहीस." नोकरी लागल्यापासून तो पुस्तकातल्यासारखं बोलायला लागला होता.

राजेश्री आईसमोर रडली नाही. सेलूला परत आली, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्याला दुकान घेतलं, हाताखाली दोन बायका ठेवल्या. धंदा चालला.

वर्षभरानं हरिओम नव्या गाडीतून दुकानात आला. त्याला शुभदा नावाच्या शिक्षिकेशी लग्न करायचं होतं, त्यासाठी घटस्फोटाच्या अर्जावर राजेश्रीची सही हवी होती.

"परभणीत तुझ्या नावावर प्लॉट करतो," तो म्हणाला. "सुखात राहशील."

राजेश्रीनं कापडावरची कात्री थांबवली नाही. "इचार करते. फुडच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी तो आला. तिनं त्याला गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसवलं. बायका येत होत्या, मापं देत होत्या, त्याच्याकडे बघून आपसांत कुजबुजत होत्या. सगळ्या गेल्यावर राजेश्री म्हणाली, "आजून इचार झाला न्हाई."

असं तिनं त्याला पावसाळाभर फिरवलं. दर वेळी तो प्लॉटवर काहीतरी वाढवायचा, आणि दर वेळी त्याचा चेहरा जास्त उतरलेला असायचा.

नर्मदाबाई वैतागल्या. "घे की बाई. हक्काचं घर हुईल."

"आई, त्यो असा बाकड्यावर बसला की मला दोन घास जास्त जातेत. घरानं जातील का?"

मग एक दिवस शुभदाच दुकानात आली. साधी, अंग चोरून बसणारी मुलगी. राजेश्रीला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

"ताई, तुम्ही सही कराल का?" तिनं विचारलं. "ते म्हणतात, रक्कम वाढवली की तुम्ही तयार व्हाल. सगळा प्रश्न पैशाचा आहे."

"मी त्याला माझ्या कमाईवर शिकवलं, हे सांगितलं का?"

"नाही," शुभदा म्हणाली. "ते म्हणाले, शिक्षण वडिलांनी केलं."

"त्याचा बाप लग्नाच्या आदीच वारला," राजेश्री म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. एक शब्दही खोटा घातला नाही, घालायची गरजच नव्हती. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं माझ्यासंगं राहून त्याला वाटतं, मी पैशावर मानंल. तुमालाबी त्यो पगार दाखवूनच आणायलाय ना?"

शुभदानं चहा अर्धा ठेवला आणि उठली. उन्हाळ्यात तिनं पूर्णेच्या एका शिक्षकाशी लग्न केलं.

लग्नाची बातमी कळली त्याच संध्याकाळी राजेश्रीनं हरिओमला फोन लावला. "या. सही करते. तुमचा प्लॉटबी नको मला."

कोर्टातलं सगळं उरकल्यावर परभणीच्या उन्हात दोघं बाहेर आले. हरिओम वाळला होता.

"आता सही करून काय उपयोग?" तो म्हणाला. "माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस तू."

"पगार किती हाय आता तुमचा?"

त्यानं सवयीनं आकडा सांगितला.

"लय हाय की," राजेश्री म्हणाली. "एकट्याला आरामात पुरंल."

ती बसस्टँडवर गेली. सेलूची बस लागलेलीच होती, खिडकीची जागा मिळाली. बस गावाबाहेर पडेपर्यंत तिला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात नर्मदाबाईंचा फोन आला.

"झालं का?"

"झालं."

"आन् तुला वाईट वाटायलंय का गं?"

राजेश्रीनं खिडकीबाहेर पाहिलं. कापसाची काळी रानं मागं पळत होती.

"उद्या वाटंल, आई," ती म्हणाली. "आज न्हाई."