माझ्या शिक्क्याचा दुसरा हातोडा

मित्रांनो, मी तोंडावर वनखात्याचा ठसा कोरलेला एक जुना शिक्क्याचा हातोडा आहे, आणि स्वभावाने जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या डोंगरावरचे बीच नावाचे वृक्ष माझ्या शिक्क्याशिवाय कुणी तोडू शकत नसे. वनरक्षक गावरिला वठलेले झाड शोधायचा, बुंध्याजवळची साल तासायचा आणि माझा एक ठोका द्यायचा. झाड गेले तरी खुंटावर माझा शिक्का राहायचा. असे ठोके क्वचितच मिळत, बाकी सारा काळ पेटीत. तरी माझा तोरा काही कमी नव्हता.

गावरिलाचा मेहुणा तोआदेर आरागिरणी चालवायचा. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याने मला पेटीतून उचलले आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, म्हणजे मामालिगेवर दाबले.

"दाजी, आता हिला तोडायला हरकत नाही ना?"

गावरिला पोट धरून हसला. "अरे, लहान आहेस का? घालवलंस ना अन्न फुकट!"

"फुकट कसं? आमचं कुत्रं खाईल की." त्याने तो तुकडा अलगद रुमालात बांधून नेला.

कुत्र्याला त्यातले काही मिळाले नाही. त्या ठशावरून लोहाराने माझा जुळा घडवला. आणि त्याला केवढे काम! शहरांना खुर्च्या हव्या होत्या, थंडीला सरपण हवे होते, कुणाला मेंढ्यांसाठी कुरण, कुणाला डोंगरातून रस्ता. धडधाकट झाडांवरही तो रोज ठोके घालत सुटला. गावरिलाच्या कमरेला लटकून मी ते खुंट पाहिले. "मामालिगेचा तो तुकडा!" गावरिला उद्गारला. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. हे ठोके माझे का नाहीत?

मग तपासणीला शहरातून एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी मला खुंटावर टेकवून पाहिले.

"गावरिला, खरं सांगा. हे शिक्के तुमच्याच हातोड्याचे?"

गावरिलाची बायको इलिन्का भावाचा, तोआदेरचा दंड घट्ट धरून उभी होती. "अहो, तो तुरुंगात गेला तर मी आईला काय तोंड दाखवू?" ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

गावरिलाने मान खाली घातली. "माझ्याच हातोड्याचे आहेत, बाई."

त्याची नोकरी गेली. ज्याचा मला हेवा होता, तो सगळा उघडाबोडका डोंगर एका वाक्यात माझ्या नावावर झाला. आता मी सरकारी कपाटात पुरावा म्हणून पडून आहे.

मित्रांनो, शिक्का दिसला म्हणून गप्प बसू नका. झाड उभे असतानाच विचारा, हे का तोडता? माझ्या जुळ्याला तोआदेरने नदीत फेकून दिले म्हणतात. त्याला आता कुणी काही विचारत नाही. मला त्याचाही हेवा वाटतो.