डावी कात्री

“धार गेलीय हो मास्तर हिची,” असं म्हणून नाक्यावरच्या टेलरने कात्री परत यांच्या मांडीवर ठेवली. आमच्या यांचे कान लाल झाले. टेलर जाताना शिवणयंत्र मात्र घेऊन गेला.

सकाळपासून घराचं दार सताड उघडं होतं आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेजारच्या वहिनींनी मोठी पातेली नेली. समोरचं नुकतंच लग्न झालेलं जोडपं कपाट न्यायला आलं, ते कपाट जिन्यात अडकलं आणि सगळी बिल्डिंग सूचना द्यायला गोळा झाली. काय मजा आली म्हणून सांगू! आम्ही लेकीकडे राहायला चाललो होतो. तिथे आम्हा दोघांना एक खोली, छान हवेशीर. हा पसारा नेऊन काय करायचाय? इतकी वर्षं हे सगळं मी पुसत का बसले, याचाच राग येत होता.

अडलं होतं ते फक्त कात्रीपाशी. हे शिंपी, आणि डावखुरे. यांच्या उस्तादांनी ती लोहाराकडून मुद्दाम डाव्या हातासाठी घडवून घेतलेली, पाती उलटी बसवलेली. उजव्या हातात ती कापत नाही, कापड नुसतं चावते. आता यांची बोटं थरथरतात, काम बंद झालं. पण अट कायम. जो नेईल त्याने समोर कापून दाखवायचं, नाहीतर कात्री आपल्याबरोबर येणार. आली, की हे तिच्याकडे बघत झुरत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. बाकी काही राहिलं तरी चाललं असतं, ती जायला हवी होती.

दुपारी मागच्या गल्लीतली एक बाई इस्त्री न्यायला आली. कपडे उसवून, आखूड करून द्यायचं काम करायची. मी चहा दिला, तर तिने कप डाव्या हाताने धरला. मी तिचं मनगटच पकडलं. म्हटलं, बाई, कापतेस कुठल्या हाताने? ती बिचारी ओशाळली. डाव्यानेच, म्हणाली, पण वाकडं जातं, अंगठा सोलून निघतो, गिऱ्हाइकं बोल लावतात.

“माझ्या हातातच खोट आहे,” ती म्हणाली.

मी तिला ओढतच आत नेलं. यांनी कात्री पुढे केली, अस्तराचा एक तुकडा दिला. तिने सवयीने दात-ओठ खाऊन अंगठा दाबला आणि पाती अडकली.

“दाबू नकोस,” हे म्हणाले. “अंगठा सैल सोड. तिला जाऊ दे.”

तिने सोडला. आणि कात्री अशी गेली, अशी सरसर गेली, की तुकडा संपला तरी ती हवेत कापतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे हात चांगला आहे माझा.”

“पहिल्यापासून चांगला होता,” हे म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशीसुद्धा कधी बोललेले नाहीत.

ती कात्री पदरात गुंडाळून निघाली आणि आनंदाच्या भरात इस्त्री विसरली. मी जिन्यातून हाका मारत धावले, इस्त्री तिच्या हातात कोंबली. वर आले तेव्हा माझा ऊर धपापत होता आणि मन पिसासारखं हलकं झालं होतं.

हे अस्तराच्या त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत बसले होते. माझ्या कामात जन्मभर खोड काढली त्यांनी, इथे एक सापडेना. मी केरसुणी घेतली आणि म्हटलं, द्या तो इकडे, केरात टाकते.

त्यांनी तुकड्याची नीट घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी त्यांच्या खुर्चीभोवतीचं तेवढं झाडून घेतलं.