क्रॉसिंगचा चहा

दुसरा रूळ पडला की लालासाहेबांना मुलगा मिळणार होता. म्हणजे मुलगा होताच, ऋषिराज नावाचा, पुण्यात नोकरीला; बायको पूजाही तिथंच. पण दिवाळी आणि जत्रा सोडली तर तो गावाकडं फिरकत नव्हता. कारण चोख होतं. "आण्णा, एकेरी मार्ग. क्रॉसिंगला गाडी किती थांबेल नेम नाही. दुहेरी झाला की दर शनिवारी येतो बघा." आला की मात्र दोन रात्री राहायचा, कारण परतीच्या गाडीचाही नेम नव्हता. ही दुसरी बाजू लालासाहेबांनी मोजली नाही. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण घरच्या हिशेबात कच्चा.

घर कराडच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनाला लागून. बायको गेल्यापासून घरात टीव्ही बोलायचा आणि हे ऐकायचे. यांचं बोलणं व्हायचं संध्याकाळी. साताऱ्याहून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर इथं बाजूच्या रुळावर उभी राहायची, समोरची एक्स्प्रेस निघून जाईपर्यंत. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. तेवढ्यात जाफरभाई खाली उतरायचा. साताऱ्यात दुकानोदुकानी शिलाई मशिनी दुरुस्त करून सांगलीला घरी परतणारा माणूस. लालासाहेब थर्मास घेऊन बाकावर हजर. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. कधी गरजच पडली नाही.

दुहेरी मार्गाच्या अर्जावर सह्या घ्यायला लालासाहेबांनी याच बाकावरून सुरुवात केली.

"सही कर रं."

"आन् क्रॉसिंग बंद झाल्यावर तुमचा हा पांचट चहा कोण पिणार, सुभेदार?"

"पोरगं येतंय की माझं, दर शनवारी. तुझी काय गरज हाय?"

"व्हय? मग द्या हिकडं." जाफरभाईनं कागद गुडघ्यावर ठेवून पहिली सही ठोकली. "घरी मदिनाबी बी रोज इचारती, गाडीतनं येता का गाडीमागनं चालत येता."

जाफरभाईच्या वडिलांनी याच मार्गावर लहान रूळ आणि कोळशाचं इंजिन पाहिलं होतं. पुढं रूळ रुंद झाले, डिझेल आलं, वर तारा आल्या. तरी एकमेकींना वाट द्यायला गाड्या थांबतच राहिल्या. आता तेही संपलं. दुसऱ्या रुळासाठी लालासाहेबांच्या उसाची एक पट्टी गेली, ती त्यांनी कुरकुर न करता दिली. दुहेरी मार्ग सुरू झाला त्या पहिल्या दिवशी पेढे वाटले. जाफरभाईला पेढा खिडकीतून द्यावा लागला, कारण गाडी आता एकच मिनिट थांबणार होती.

"उतर की, गड्या."

"उतरलो तर रात्र हितंच. मागनं गाडी न्हाई."

"मग ऱ्हा की. घर हाय."

जाफरभाई हसला. तोवर गाडी हलली होती.

ऋषिराज शब्दाला जागला. पहिल्याच शनिवारी, सकाळी अगदी वेळेत, कराडला उतरून रिक्षानं आला. लालासाहेबांनी त्याची गादी उन्हात टाकली होती, शेजारच्या धोंडुबाईंना रविवारच्या मटणाचं सांगून ठेवलं होतं. दुपारी जेवून हात पुसता पुसता त्यानं घड्याळ पाहिलं.

"आण्णा, चारची गाडी मिळेल मला."

"आजच?"

"आता गाड्या वेळेत आहेत ना. मुक्कामाची काय गरज? पूजा पण वाट बघत असेल."

अर्ज लालासाहेबांचाच होता. गादी त्यांनी गुंडाळून माळ्यावर ठेवली. पुढच्या शनिवारी ऋषिराजचा फोन आला, त्याच्या पुढच्या शनिवारी तोही नाही.

पॅसेंजर मात्र रोज येत होती.

"पोरगा आलावता न्हवं?" जाफरभाईनं खिडकीतून विचारलं.

"आला. गेला बी."

"लगीच?"

"गाड्या लय पळाय लागल्यात."

लालासाहेबांनी घाईनं कप भरून वर दिला. जाफरभाईनं पहिला घोट घेतला आणि गाडी सुटली. "उद्या आणतो कप," तो ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा पार पुढं थांबला. गुडघे सांभाळत लालासाहेब निम्म्यात पोचले, तेवढ्यात शिटी झाली. खिडकीतून बाहेर आलेला हात दिसला. हातात कप होता.

तर शेवटची बेरीज अशी. गाडीचा अर्धा तास वाचला. ऋषिराजच्या दोन रात्री वाचल्या. मदिनाबीला नवरा लवकर मिळू लागला, पण तो जेवताना गप्प असतो अशी तिची तक्रार आहे. आणि या सगळ्याची किंमत मोजली लालासाहेबांनी. अर्जावर पहिली सही होती म्हणून थोडी जाफरभाईनं.