यंत्रानं विचारलं, पंच किती?

"मालक, तुमच्या बशीतला चहा निवायच्या आत सिस्टिम जनरेशन करून दाखवतो," सयाजी म्हणाला आणि खुर्चीत असा रेलला, जणू मुंबईच्या कॉम्प्युटरच्या कोर्सात चहा पिता पिता त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

यशवंतराव मालकांनी बशी खाली ठेवली आणि ते तडक बाहेर गेले. चहा निवला. त्यावर साय धरली. मग बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. मालक ट्रॉलीत उभे होते, आणि त्यांच्या शेजारी मांडववाल्याचा डिझेल जनरेटर.

"घे," मालक म्हणाले. "जनरेशनला कमी पडाया नको."

चूक मालकांची नव्हती. ऐंशी सालच्या भोसरीत जनरेशन म्हणजे लाइट, दुसरं काय असणार? जनरेटर उतरवेपर्यंत दुपार झाली, आणि त्याच्या धुरानं कॉम्प्युटरच्या खोलीतली माणसं खोकत बाहेर आली. त्या धुरातच सयाजीचा पहिला शब्द गेला.

तशी ती खोली म्हणजे आधी तेलाचे पिंप ठेवायची जागा. आता तिथं एअर कंडिशनर होता, आख्ख्या गल्लीत एकुलता एक. शेजारच्या वर्कशॉपची माणसं पाना मागायला येत आणि पाना मिळाला तरी जात नसत. मधोमध कपाटाएवढा कॉम्प्युटर. आणलेला कशासाठी, तर लोखंडी झाकणांना भोकं कुठं पाडायची ते गणित करायला. पलीकडच्या शेडमध्ये युनूसभाई चालवत ते मोठं ड्रिल मशीन होतं, ते कागदी पट्टी वाचून आपोआप भोकं पाडायचं. पट्टी कॉम्प्युटर काढून देणार, ड्रिल ती वाचणार, असा बेत.

येत्या शनिवारी चिंचवडकडच्या एका मोटार कारखान्याचे खरेदी अधिकारी साहेबराव हे सगळं बघायला येणार होते. कॉम्प्युटर चालला तर गिअरबॉक्सच्या झाकणांची ऑर्डर, आणि सयाजी या थंड खोलीत कायम. नाही चालला तर सयाजी परत प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडाला मुलामा चढवायच्या, हौदावर. तिथं ॲसिडच्या वाफेनं त्याच्या बनियनची गाळणी झाली होती, आणि घरी आल्यावर आई त्याला दारातच थांबवून पाण्याची बादली द्यायची.

"आता नीट सांग," मालक खोकला आवरून म्हणाले. "करायचं काय हाय?"

"मालक, या यंत्राला स्वतःबद्दल काहीच माहीत नाही. आपल्याला प्रिंटर आहे का, टर्मिनल किती, काही नाही. ते आपल्याला विचारणार. आपण सांगायचं. त्यावरून ते स्वतःसाठी एक गाभा बनवणार. त्याला कर्नल म्हणतात. तोच मग सगळा कारभार बघतो."

"कर्नल? देहूरोडचा?"

"मिल्ट्रीतला नाही हो."

"एवढं धूड, आन् सोताचे हातपाय ठावं न्हाईत?" मालकांनी यंत्राकडं बघितलं आणि नकळत चपला दाराशी काढून ठेवल्या.

सयाजीनं टेप चढवली. कोपऱ्यातला टाइपरायटर, कुणी हात न लावता, टकाटका चालायला लागला. कागद वर सरकला. त्यावर एक प्रश्न होता. मालकांनी हात जोडले.

"काय म्हणतंय?"

"टर्मिनल, म्हणजे टाइप करायचे पडदे, किती, विचारतंय. एक सांगतो."

"एक? अरं लाज काढतूस व्हय माझी? सोयरिकीला पाव्हणं इचारत्यात, तवा आपन गोठ्यात हायेत तेवढ्याच म्हशी सांगतो का? सोळा सांग."

"नसलेली सोळा?"

"पुढं घिऊ की!"

सयाजीनं नाही म्हणायला पाहिजे होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं प्लेटिंगचा हौद आला, आणि हौदाच्या काठावर मालक. त्यानं सोळा टाइप केलं. यंत्रानं सोळा घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"तेला खरं वाटलं?" मालक कुजबुजले.

"वाटलं."

"बघाया बी मागितलं न्हाई?"

"नाही मालक. आपण सांगू ते खरं."

मालकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या गावात वजनकाट्याखाली वाकून बघितल्याशिवाय कुणी किलोभर कांदा घेत नाही, तिथं हे कोण उतरलं होतं, एका शब्दावर सोळा मानणारं? ते स्टूल ओढून यंत्राच्या जवळ बसले. आता त्यांना चेव आला होता.

"पुढं?"

"पंच किती, विचारतंय."

"पाच."

"मालक, हा पंच म्हणजे ड्रिलच्या पट्टीला भोकं पाडणारं—"

"पाच सांग! चार असलं का मतं फुटत्यात."

पाच गेलं. प्रिंटर सात गेले. मग प्रश्न संपले आणि यंत्र गप्प झालं. आतली चक्रं घुमू लागली, पुढच्या पाटीवरचे लाल दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे इकडून तिकडं पळू लागले. दाराशी माणसं गोळा झाली. सयाजीनं हे मुंबईत बघितलं होतं, तरी तोही खुर्चीवरून उठून उभा राहिला. बसल्या जागी ते यंत्र आपलं डोकं आपणच घडवत होतं, आणि घडवायला माल काय, तर मालकांनी फेकलेल्या थापा.

"पोटुशी बाई असती तसं दिसतंय," टायपिस्ट शालनबाई हळूच म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळानं टाइपरायटरनं एक ओळ काढली.

"मावत नाही म्हणतंय," सयाजी म्हणाला.

"काय मावत न्हाई?"

"गाभा. तुम्ही सोळा पाहुणे सांगितले, त्यानं सोळा पाट मांडले, सोळा ताटं, सोळा तांबे. प्रिंटरचे पाट वेगळे, पंचांचे वेगळे. खोली भरली. आता वाढणाऱ्याला उभं राहायला जागा नाही."

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. "म्या सांगितलं म्हून मांडलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

"आन् आमच्या घरात म्या पाणी मागितलं तर कुनी उठत न्हाई," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते विचार करूनच आले. "रातभर डोक्यात तेच हुतं. आपलं चुकलं, सयाजी. ह्ये सोयऱ्यावानी न्हाई इचारत. किती, कुठं, कुनाच्या नावावर... ह्यो इन्स्पेक्टर हाय! इन्स्पेक्टरला काय सांगायचं असतं?"

"काय?"

"काईच न्हाई."

म्हणून त्या दिवशी मालकांच्या भैरव ड्रिलिंग वर्क्समध्ये प्रिंटर नव्हता, पंच नव्हता, टर्मिनल नव्हतं. मालकांनी तर "आमी गरीब मानसं, एवडंच हाय" असंही टाइप करायला सांगितलं, पण तेवढं सयाजीनं गाळलं.

गाभा झटक्यात तयार झाला. चिमुकला, चपळ, कामाला एकदम वाघ. फक्त त्याला काम देता येईना. प्रिंटर त्याच्या कुशीला उभा होता, पण यंत्राच्या लेखी तिथं मोकळी भिंत होती. सयाजीनं छापायला सांगितलं, तर छापायचं कशावर, असं उत्तर आलं.

मालकांनी उठून प्रिंटरच्या डोक्यावर थाड्कन हात मारला. "मंग ह्यो काय हाय?"

यंत्र ढिम्म. एकदा नाही सांगितलं म्हणजे नाही. मालक हात चोळत खाली बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. "लई एकवचनी हाय रं," ते म्हणाले.

शनिवार उद्यावर आला होता. सयाजी चाचरत म्हणाला, "मालक, एकदा... खरं सांगून बघू का?"

"सगळं?"

"सगळं."

"तेनं काय हुईल?"

"माहीत नाही. कोर्सात तसं शिकवलं होतं."

मालकांनी मान खाली घातली. मग उठले, शालनबाईंना बाहेर पाठवलं, दाराला आतून कडी घातली. खरं सांगायचं तर चार लोकांसमोर कशाला? आणि दोघांनी, जवळजवळ कुजबुजत, यंत्राला सगळं सांगून टाकलं. टर्मिनल एक. पंच एक, मागच्या डाव्या सॉकेटला. प्रिंटर एक, उजव्या सॉकेटला. दोन्ही सॉकेटं दिसायला सारखीच, म्हणून सयाजी पोटावर सरपटत मागं जाऊन बघून आला. सांगून झाल्यावर मालकांनी कपाळाचा घाम पुसला.

दिवे पळाले. चक्रं घुमली. टाइपरायटरनं एक छोटी खूण काढली, म्हणजे, हुकूम करा.

सयाजीनं मालकांचं नाव छापायला सांगितलं. प्रिंटर खडबडून जागा झाल्यासारखा करकरला, आणि इंग्रजी अक्षरांत यशवंतराव कागदावर उतरले, सरळ, ठसठशीत, शेजारी शाईचा एक ठिपका नाही.

मालकांनी भिंतीला हात टेकला. "खऱ्यावर चालतं, सयाजी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अरं, खऱ्यावर चालतं ह्ये!"

सयाजीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

मालकांवर त्या गोष्टीचा इतका परिणाम झाला, की संध्याकाळी जकात नाक्यावर त्यांनी टेम्पोत काय आहे ते खरं सांगितलं. नाकेदाराचा विश्वास बसला नाही. त्यानं सगळा टेम्पो उतरवला.

शनिवारी सयाजी साहेबरावांना आणायला नाशिक फाट्यावर गेला. इकडं मालकांनी, पाहुणे येणार म्हणून, घर आवरायला घेतलं. प्रिंटर देखणा, तो दाराजवळ पाहिजे. पंच कळकट, तो मागं कोपऱ्यात. टेबलं सरकवली, प्रिंटरवर मालकिणींनी विणलेला रुमाल टाकला. वायरी पुरेनात, तर युनूसभाईंनी जी वायर ज्या सॉकेटला पोचली तिथं बसवून दिली. "बस, फिट हो गया," ते म्हणाले आणि आपल्या ड्रिलकडं गेले.

साहेबराव आले. ड्रिलजवळच त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, हार, सगळं एकदम हातात आलं, म्हणून त्यांनी आपली काळी ब्रीफकेस ड्रिलच्या टेबलावर ठेवली. मग मंडळी थंड खोलीत गेली.

"ऑर्डर सही करूनच आणलीय," साहेबराव खुर्चीत बसत म्हणाले. "फक्त आमच्या झाकणाची भोकं कुठं पडणार, तो तक्ता कागदावर बघायचाय."

"आत्ता बघा साहेब," मालक म्हणाले. "ह्ये यंत्र खोटं बोलत न्हाई. आमीबी सोडलंय."

सयाजीची नजर दाराजवळच्या प्रिंटरवर गेली. हा इथं कसा? पण मालकांनी त्याचा हात धरून टाइपरायटरच्या बटणावर ठेवला होता. हुकूम गेला.

प्रिंटर रुमालाखाली गप्प. सगळे त्याच्याकडं श्वास रोखून बघत राहिले. मागच्या कोपऱ्यात, आता उजव्या सॉकेटला लागलेला पंच आनंदानं कटकटत होता. त्यातून लांब पट्टी निघाली. युनूसभाई आले, पट्टी फाडली आणि घेऊन गेले. पट्टी आली की लावायची, हे त्यांचं काम. टेबलावर जॉब, म्हणजे भोकं पाडायचा माल, होताच, पार्टीनं स्वतः ठेवलेला. त्यांनी तो चारी बाजूंनी घट्ट आवळला.

ब्रीफकेसला गिअरबॉक्सच्या झाकणाची सगळी भोकं पडली. मापात एकही चुकलं नाही. ऑर्डर आत होती.