दीपिकाचं निरोगी रक्त

चंद्रपूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या दीपिकाला आपल्या तब्येतीचा भारी अभिमान होता. ती एटापल्लीच्या आतल्या एका जंगलगावात वाढलेली. होस्टेलात साथ आली की सगळ्या पोरी आडव्या व्हायच्या आणि ही एकटी मेसमध्ये दोन भाकऱ्या जास्त खायची. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी निरोगी माणसाचं रक्त लागणार म्हटल्यावर तिने इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ स्वतःचा हात पुढे केला.

प्रकल्प सिकलसेलचा होता. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. दीपिकाला पाहायचं होतं, की ऑक्सिजन परत मिळाला तर त्यातल्या किती पुन्हा गोल होतात. काचेच्या चपट्या पेटीत रक्ताचा पातळ थर ठेवायचा, नळीने आधी नायट्रोजन सोडायचा, मग साधी हवा, आणि वर सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. रुग्णांच्या पेशी वाकायला पाहिजेत, निरोगी माणसाच्या गोलच राहायला पाहिजेत. तुलना करायला म्हणून तर निरोगी रक्त.

पण दीपिकाच्या पेशीही वाकल्या.

तिला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा केलं, पुन्हा वाकल्या. मग तिने नळ्या बदलल्या, पेटी घासूनपुसून घेतली, नायट्रोजनच्या सिलेंडरवाल्याशी फोनवर भांडण केलं. शेवटी ज्योत्स्ना मॅडमनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंनी, सगळी मांडणी एकदा नीट पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे, दीपिका. रक्त बदलून पाहा."

शेजारच्या टेबलावर रोशन काम करायचा. माजरीच्या खाणकामगाराचा हा पोरगा कॉलेजच्या कबड्डी टीमचा कप्तान होता, दारात उभा राहिला की उजेड अडायचा. रक्त द्यायला तो मोठ्या ऐटीत बसला, सुई पाहिली आणि खुर्चीतून अलगद खाली घसरला. शुद्धीवर आल्यावर आधी त्याने विचारलं, की टीममधल्या कोणी पाहिलं तर नाही ना. मग डोळे मिटून त्याने रक्त दिलं, आणि त्याच्या पेशी मात्र नायट्रोजनमध्येही वाटाण्यासारख्या गोल राहिल्या.

आता शंकेला जागा उरली नाही. दवाखान्यातल्या तपासणीनेही तेच सांगितलं, दीपिका सिकलसेलची वाहक होती. मॅडमनी तिला समोर बसवून समजावलं, की वाहक म्हणजे आजारी नव्हे, तिची तब्येत आहे तशीच ठणठणीत राहील. जपायचं ते एवढंच, की आई आणि बाप दोघंही वाहक असले तर लेकराला आजार होऊ शकतो. दीपिकाला हे सगळं पाठ होतं, परीक्षेत लिहूनही झालं होतं. तरी आता ते स्वतःबद्दल होतं, म्हणून तिने मॅडमना पुन्हा एकदा सांगायला लावलं. आणि ऐकता ऐकता तिला भाऊ आठवला.

तिच्या मोठ्या भावाचं, सुरजचं, लग्न ठरलं होतं. नवरी शेजारच्या गावची रिना. रिनाचा भाऊ वारलू एटापल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि त्याला सिकलसेल होता. म्हणजे रिनाचे आईबाप दोघंही वाहक. रिना वाहक असण्याचा संभव मोठा होता, आणि बहिणीत आहे म्हटल्यावर सुरजचाही भरवसा नव्हता.

दीपिका गावी आली तेव्हा मोहफुलं पडायला लागली होती. आईबापाला, बुधरीला आणि इसरूला, तिने सगळं सांगितलं आणि लग्नाआधी रिनाचं न् सुरजचं रक्त तपासून घेऊ म्हणाली. इसरू म्हणाला, की लग्न मोडाचं असन तर आपल्याच्यानं होणार नाही, पण विचाराचं असन तर तूच विचार.

रिनाच्या घरी तिचा बाप दसरू आधी बिथरलाच. एका पोराचं दुखणं तो जन्मभर पाहत आला होता, आता पोरीच्या लग्नाआधी रक्त तपासायचं म्हणजे गावभर बोलणं.

"मामा, मलेही हाये ते," दीपिका म्हणाली. "मी बिमार दिसतो का तुमाले?"

दसरूने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्यात आतून रिना बाहेर आली. तिने सांगितलं, की वारलूले रात्रभर पाय चोळून देता देता ही गोष्ट आपल्या मनात कितीकदा आली, पण विचारावं कोणाले ते समजत नव्हतं.

"पहिले माझं रक्त तपासा," ती म्हणाली. "जे असन ते समजून लग्न करू."

रिना आणि सुरज तालुक्याच्या दवाखान्यात गेले, आणि संगतीला ट्रॅक्टरभर माणसं. कोणी बाजारच्या निमित्ताने, कोणी नुसतं पाहायला. तिथे गेल्यावर नर्सबाईने, आले आहात तर तुम्हीही द्या, म्हणत निम्म्या ट्रॅक्टरचं रक्त घेतलं. रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढ्या काळात बुधरीने देवाला कोंबड्याचा नवस बोलला, तर सुरजचं जेवण निम्म्यावर आलं.

सुरज वाहक निघाला. रिना नव्हती. दोघांतला एकच वाहक, म्हणजे लेकरांना आजाराची भीती नाही. ही बातमी द्यायला दीपिका दसरूच्या घरी पोचली तेव्हा म्हातारा मोहफुलं वाळत घालत होता. ऐकून तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि फुलांवरून नुसता हात फिरवत राहिला. मग त्याने घरात हाक मारून चहा मांडायला सांगितलं.

लग्नाचे कपडे घ्यायला मंडळी चंद्रपूरला आली तेव्हा वारलूही सोबत होता. हिवाळ्यात दुखणं त्याला पार झोपवायचं, पण एरवी दुकानातल्या गिऱ्हाइकांची तो दिवसभर थट्टा करायचा. आपलं रक्त दीपिकाच्या कामासाठी द्यायला तो आपणहून तयार झाला आणि तिच्यासोबत कॉलेजात आला. मॅडमनी रीतसर संमती घेतली, आणि रोशन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दीपिकाने पेटीत नायट्रोजन सोडला. वारलू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. एकेक पेशी लांबली, वाकली, टोकदार झाली.

"ह्याच का त्या," तो हळूच म्हणाला. जन्मभर छळणारं माणूस पहिल्यांदा समोर यावं, तसा तो बघत होता.

मग दीपिकाने हवा सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. नंतर एक पेशी फुगली, गोल झाली, तिच्या बाजूची झाली. सगळ्या नाही झाल्या, काही तशाच वाकड्या राहिल्या. पण बऱ्याच झाल्या, आणि वारलू बोटाने टेबलावर ताल धरत त्यांना, हं, तू पण ये, तू पण, असं म्हणत राहिला.

दीपिकाला पेशी मोजायच्या होत्या. तिने दोनदा सांगून पाहिलं.

"थांब ना," वारलू डोळा न काढता म्हणाला. "अजून येऊन राह्यल्या."

बाहेर रिना आणि सुरज साड्यांच्या पिशव्या घेऊन ताटकळत होते. दीपिकाने त्यांना आत बोलावलं आणि बसायला स्टुलं दिली.